खोल्या उघडण्याआधीचा हिशेब: ऑनलाइन कार्यक्रमात छोट्या गटांचा प्रकार कसा निवडायचा

पहिल्यांदा ऑनलाइन कार्यक्रमात छोटे गट केले तेव्हा माझ्यासमोर ७२ माणसं होती. दोन व्याख्यानांच्या मधे दहा मिनिटं मोकळी होती. म्हटलं, लोकांना जरा एकमेकांशी बोलू द्यावं. बटण दाबलं, सहा खोल्या (ब्रेकआउट रूम, म्हणजे एकाच मीटिंगमधल्या वेगळ्या छोट्या बैठका) झाल्या, प्रत्येकीत १२ जण. सूचना काय, तर ‘एकमेकांची ओळख करून घ्या’. दहा मिनिटांनी सगळे परत आले तेव्हा कळलं की एका खोलीत कुणी तोंडच उघडलं नव्हतं. दुसरीत एक गृहस्थ जवळजवळ सगळा वेळ स्वतःविषयीच बोलत होते. आणि अकरा जण तर पडद्यावर खोलीचं निमंत्रण दिसताच कार्यक्रमातून गुपचूप निघून गेले होते.

रात्री कागदावर भागाकार केला. दहापैकी एक मिनिट आत जाण्यात, एक बाहेर येण्यात. उरली आठ मिनिटं. ती बारा जणांत वाटली तर माणशी चाळीस सेकंद. एवढ्यात नाव-गाव सांगून होतं आणि पुढचा बोलायला लागतो. लोक लाजाळू होते किंवा साधन वाईट होतं असं नव्हे. भागाकार आधी करायला हवा होता, तो मी नंतर केला.

तेव्हापासून क्रम उलटा केला आहे. आधी हिशेब, मग प्रकार, आणि साधन सगळ्यात शेवटी. पहिल्यांदाच असं सत्र आखत असाल तर याच क्रमाने जा.

पायरी १: शेवटी हाती काय हवं ते एका वाक्यात लिहा

‘चर्चा आणि नेटवर्किंग’ असं आपण एका दमात म्हणतो, पण ही दोन वेगळी कामं आहेत आणि बऱ्याचदा एकमेकांच्या आड येतात. ओळखी वाढवायच्या तर अनोळखी माणसं समोरासमोर यावी लागतात, फेऱ्या छोट्या आणि जास्त लागतात, विषय हलकाफुलका असला तरी चालतं. विचार खोलात न्यायचा तर सगळं उलट: एकच लांब फेरी, नेमका प्रश्न, आणि त्या प्रश्नाशी रोज झटणारी माणसं. तिसरं काम म्हणजे गटाकडून काहीतरी तयार करून घेणं: यादी, पसंतीक्रम, मसुदा. चौथं, एकाची अडचण बाकीच्यांनी मिळून सोडवणं. एका सत्रात यातलं एकच धरा. दोन धरलीत तर दोन्ही अर्धवट राहतात.

वाक्य असं लिहा: ‘सत्र संपेल तेव्हा प्रत्येकाकडे … असेल.’ रिकाम्या जागी ‘पुढच्या आठवड्यात निरोप पाठवता येईल अशा तीन माणसांची नावं’ आलं, तर ते नेटवर्किंग. ‘आपल्या अडचणीवर करून बघण्यासारखा एक उपाय’ आलं, तर ती चर्चा. ‘छान अनुभव’ आलं, तर अजून काहीच ठरलेलं नाही, पुन्हा लिहा.

नेटवर्किंगमध्ये अनोळखी माणसांवर मी एवढा भर का देते? मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं होतं, की ज्याने बातमी दिली त्याला तुम्ही कितीदा भेटायचात? वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून बातमी मिळालेले सतरा टक्क्यांच्या आसपास निघाले. जवळपास ५६ टक्क्यांना ती अधूनमधून भेटणाऱ्याकडून मिळाली होती, आणि २८ टक्क्यांना क्वचित भेटणाऱ्याकडून. जवळच्या माणसांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं, नवी बातमी लांबून येते. म्हणून एकाच संस्थेतल्या चौघांना एका खोलीत बसवून त्याला नेटवर्किंग म्हणू नका. ते चौघे आनंदाने गप्पा मारतील, तुमची पाठही थोपटतील, पण जसे आले तसेच परत जातील.

पायरी २: मिनिटांना माणसांनी भागा

सूत्र सोपं आहे. फेरीच्या मिनिटांतून दोन वजा करा (जाणं-येणं), उरलेल्याला माणसांच्या संख्येने भागा. ओळखीच्या फेरीत माणशी किमान दोन मिनिटं आली पाहिजेत, चर्चेत किमान तीन. कमी येत असतील तर गट लहान करा किंवा वेळ वाढवा. तिसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

गट केवढा? माझं उत्तर ठरलेलं आहे: चार. मानसशास्त्रज्ञ रॉबिन डनबर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये गप्पांचे आपोआप जमणारे गट मोजले, तेव्हा एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात असं दिसलं. पाचवा आला की गप्पांना फाटा फुटतो. प्रत्यक्षातल्या बैठकीत त्याने बिघडत नाही, शेजारी शेजाऱ्याशी बोलतो. ऑनलाइन खोलीत ही सोय नाही. तिथे एका वेळी एकच आवाज चालतो, त्यामुळे पाचवा, सहावा, सातवा नुसता श्रोता होतो. आकड्यांतही हे दिसतं. चौघांत सहा जोड्या होतात, सहांत पंधरा, आठांत अठ्ठावीस. गट दुप्पट केला तर नाती चौपटीहून जास्त होतात आणि मिनिटं मात्र तेवढीच राहतात.

त्यात आवाजाच्या उशिराची भर. २००९ मध्ये दहा भाषांमधल्या संभाषणांचा अभ्यास झाला. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात असं त्यात आढळलं. म्हणजे पापणी लवायच्या आत. दूरसंचारातल्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार आवाज एका दिशेने पोचायला १५० मिलिसेकंद लागले तरी ते बहुतेक कामांना पुरेसं चांगलं मानतात. पण जाऊन-येऊन ते ३०० होतात, आपल्या स्वाभाविक थांब्याहून जास्त. म्हणून चांगल्या जोडणीवरही दोघं एकदम बोलू लागतात, दोघंही थांबतात, ‘तुम्ही बोला’, ‘नाही नाही, तुम्ही’. चौघांत हे निभावतं. दहांत भिडस्त माणसं दोनदा अडखळतात आणि मग म्यूटवर जाऊन बसतात.

एक सावधगिरी: गळतीची भीती असेल आणि चार हवे असतील, तर पाच धरून गट करा. कुणाचं नेट जातं, कुणाला दाराची घंटा ऐकू येते, कुणी कॅमेरा बंद करून जेवत असतो. पाचाचे चार झाले तर काही बिघडत नाही. दोघांच्या जोडीतला एक गळला तर मात्र एक माणूस रिकाम्या खोलीत स्वतःचाच चेहरा बघत बसतो. ऑनलाइन कार्यक्रमातला यापेक्षा वाईट अनुभव मला माहीत नाही.

पायरी ३: आता प्रकार निवडा

*झटपट जोड्या.* दोघं दोघं, पाच मिनिटं, मग जोडी बदल. याचं मूळ लग्नाळू मुला-मुलींच्या भेटींत आहे: १९९८ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या याकोव्ह डेयो या रब्बीने तशा भेटी सुरू केल्या आणि नंतर ती कल्पना व्यावसायिक ओळखींच्या मेळाव्यांत शिरली. ओळखी वाढवणं हा एकच हेतू असेल तर हा प्रकार उत्तम. तीन ते पाच फेऱ्यांपुढे जाऊ नका, माणूस दमतो आणि चौथ्यांदा तीच ओळख सांगताना स्वतःलाच कंटाळतो. ‘सगळे सगळ्यांना भेटतील’ असं आश्वासन तर मुळीच देऊ नका. वीस जणांना जोडीने सगळ्यांना भेटायचं तर १९ फेऱ्या लागतात.

गट तिघांचे केले तर मात्र थोडी जादू होते. नऊ जणांना १ ते ९ आकडे द्या.
पहिली फेरी: १-२-३, ४-५-६, ७-८-९.
दुसरी: १-४-७, २-५-८, ३-६-९.
तिसरी: १-५-९, २-६-७, ३-४-८.
चौथी: १-६-८, २-४-९, ३-५-७.
चार फेऱ्यांत प्रत्येक जण बाकीच्या आठही जणांना नेमका एकदा भेटतो. १६ जणांचे चौघा-चौघांचे गट असतील तर हेच पाच फेऱ्यांत साधतं. गणितज्ञांना या कोड्याचं जुनं वेड आहे. १५ मुली रोज तिघी-तिघींच्या रांगेत चालतात, तर सात दिवसांत कुठल्याही दोघी दुसऱ्यांदा एका रांगेत येणार नाहीत अशी मांडणी करा, असा प्रश्न थॉमस किर्कमनने १८५० मध्ये घातला होता. नऊ माणसांचं संचालक मंडळ किंवा नवी तुकडी असेल तर वरचा तक्ता जसाच्या तसा वापरा.

*एक-दोन-चार-सर्व.* हेन्री लिपमानोविच आणि कीथ मॅककँडलेस यांनी रुळवलेला प्रकार. एक मिनिट एकट्याने विचार, दोन मिनिटं जोडीने, चार मिनिटं दोन जोड्या एकत्र, पाच मिनिटं सगळे. एकूण बारा मिनिटं. सभागृहात हा फार झकास चालतो. ऑनलाइनमध्ये खोल्या दोनदा बदलाव्या लागतात आणि प्रत्येक बदल मिनिटभर खातो, म्हणून मी जोडीची पायरी गाळते. मुख्य खोलीत कॅमेरे बंद करून दोन मिनिटं लेखन, मग थेट चौघांत दहा मिनिटं, मग सगळे. एकट्याचं लेखन मात्र गाळू नका. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की गटात बसून कल्पना सुचवताना माणसं आपली पाळी येईपर्यंत थांबतात आणि त्या थांबण्यातच कल्पना गळून जातात. आधी कागदावर उतरलेली कल्पना गळत नाही.

*विषयवार खोल्या.* खोल्यांना नावं द्यायची आणि कुणी कुठे जायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. मोठ्या परिषदांत समान आवडीच्या लोकांच्या बैठका होतात, तसंच हे. नव्या आयोजकाला सोपं वाटतं आणि इथेच तो जास्त फसतो. दहा खोल्या उघडल्या तर तीन भरतात, चारांत एकेकटा माणूस वाट बघतो, तीन ओसाड. वाटतात त्याच्या निम्म्या खोल्या उघडा. नाव विषयाचं देऊ नका, प्रश्नाचं द्या. ‘प्रशिक्षण’ या खोलीत काय चाललं असेल हे कुणालाच कळत नाही. ‘नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात काय शिकवायचं?’ म्हटलं की बोलायला आवडणारे आपसूक तिथे जातात. प्रत्येक खोलीत आधीपासून एक यजमान बसवा. रिकाम्या खोलीत पहिला कुणीच शिरत नाही.

*वर्ल्ड कॅफे.* चौघा-पाचजणांची टेबलं, साधारण वीस मिनिटांच्या फेऱ्या. फेरी संपली की यजमान टेबलावर थांबतो आणि बाकीचे वेगवेगळ्या टेबलांवर पांगतात. नवे आले की यजमान आधीच्या बोलण्याचं सार सांगतो आणि गप्पा पुढे सरकतात. १९९५ मध्ये जुआनिता ब्राउन आणि डेव्हिड आयझॅक्स यांच्या घरी पावसामुळे बाहेर बसायचा बेत फिसकटला, लोक आत छोट्या टेबलांभोवती बसले आणि टेबलांवर अंथरलेल्या कागदावर लिहू लागले. तिथून हे सुरू झालं. ऑनलाइनमध्ये त्या कागदाची जागा सर्वांना लिहिता येईल अशा सामायिक फाइलने घ्यायची, प्रत्येक टेबलाला एक पान. तीन फेऱ्या आणि शेवटची मांडणी धरून दीड तास हवाच. यजमानांशी आदल्या दिवशी वीस मिनिटं बोलून घ्या. सारं यश त्यांच्यावर असतं.

*लीन कॉफी.* माझा सगळ्यात लाडका, विशेषतः दर महिन्याला भेटणाऱ्या मंडळींसाठी. सिॲटलमध्ये २००९ मध्ये जिम बेन्सन आणि जेरेमी लाइटस्मिथ यांनी सुरू केला. आधी ठरलेली विषयपत्रिका नाही. जो तो आपल्या मनातला विषय एका ओळीत लिहितो, सगळे मतं देतात, जास्त मतांचा विषय आधी. प्रत्येकाला सहा-सात मिनिटं, वेळ संपली की अंगठा वर किंवा खाली: पुढे चालू ठेवायचं की बस्स. सहा ते आठ जणांत उत्तम चालतो, आणि आयोजकाने काही तयारी केली नसली तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

*फिशबोल.* माणसं ४० आहेत, जाणकार मोजकेच, आणि गट पाडले तर जाणकार विखुरतात. अशा वेळी गट पाडूच नका. चार-पाच जण कॅमेरे चालू ठेवून आपसात बोलतात, बाकीचे कॅमेरे बंद ठेवून ऐकतात. एक खुर्ची मोकळी. ज्याला बोलायचंय तो कॅमेरा लावून त्या खुर्चीत येतो, आणि आत बसलेल्यांपैकी एक जण आपला कॅमेरा बंद करून बाहेर पडतो. झूमवर व्हिडिओ बंद असलेल्यांना लपवायची सोय आहे. ती सगळ्यांनी वापरली की पडद्यावर फक्त बोलणारे उरतात आणि खरंच गोल करून बसल्यासारखं वाटतं.

*ओपन स्पेस.* हॅरिसन ओवेनने १९८५ मध्ये मांडला. त्याच्या परिषदेत लोकांना चहापानाची सुट्टीच जास्त आवडली होती, तर मग सगळीच परिषद तशी का करू नये, हा त्याचा विचार. विषय लोकच मांडतात, वेळापत्रक तिथल्या तिथे बनतं, आणि जिथे आपण ना शिकतोय ना काही देतोय तिथून उठून दुसरीकडे जायचं, हा मुख्य नियम. प्रकार सुंदर आहे, पण अर्धा दिवस मागतो आणि ऐनवेळी खोल्या मांडणारे दोन-तीन मदतनीस मागतो. पहिल्याच प्रयत्नात हात घालू नका.

गॅदरसारख्या साधनांत आपली बाहुली नकाशावर फिरते आणि जवळ गेलं की समोरच्याचा आवाज येतो. कार्यक्रमानंतर रेंगाळायला छान. पण मोबाइलवरून आलेल्यांची आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं साधन) वापरणाऱ्यांची तिथे पंचाईत होऊ शकते, म्हणून मुख्य सत्र त्यावर बेतू नका.

पायरी ४: साधन काय करू देतं ते आधीच पाहा

पहिला सापळा: झूमचा ‘वेबिनार’ आणि झूमची ‘मीटिंग’ या वेगळ्या गोष्टी आहेत. वेबिनारमध्ये प्रेक्षक ऐकायला असतात, तिथे ब्रेकआउट रूम नसतात. गटचर्चा जाहीर करून वेबिनारची लिंक पाठवलेले आयोजक मी पाहिले आहेत. कार्यक्रम सुरू झाल्यावर यावर इलाज नाही.

मीटिंगमध्ये खोल्या तीन तऱ्हांनी भरता येतात: आपोआप, हाताने, किंवा सहभागींच्या निवडीने. झटपट ओळखींसाठी आपोआप, विषयवार खोल्यांसाठी निवडीने. हाताने भरायचं काम चाळीस जणांसाठी एकट्याने करू नका, घाम फुटतो. नोंदणीवरून आधीच गट पाडून ठेवायचा मोहही टाळा. नोंदवलेले सगळे येत नाहीत, आणि कागदावर पाचांचा असलेला गट प्रत्यक्षात दोघांचा निघतो. मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये ५० पर्यंत खोल्या होतात, गूगल मीटमध्ये १०० पर्यंत. पण आपल्या खात्याच्या योजनेत ही सोय आहे का, ते आधी स्वतः उघडून बघा.

चार गोष्टी करून पाहाव्यात. खोलीत गेल्यावर मुख्य खोलीतलं चॅट दिसतं का? सगळ्या खोल्यांत एकदम संदेश जातो का? खोली बंद करताना उलटी मोजणी किती सेकंदांची आहे? आणि रेकॉर्डिंग कशाचं होतं? झूमचं क्लाउड रेकॉर्डिंग (झूमच्याच सर्व्हरवर साठणारं) सहसा मुख्य खोलीपुरतंच असतं. लोकांना हे मोकळेपणाने सांगा, ‘इथलं रेकॉर्डिंग होत नाही’ म्हटलं की माणसं खुलतात. अर्थात सांगण्याआधी आपल्या साधनात ते खरं आहे याची खात्री करा.

पायरी ५: प्रश्न आणि सूचना

प्रकार थोडा चुकला तरी चांगला प्रश्न सत्र तारून नेतो, उलटं होत नाही. ‘तुमची ओळख सांगा’ हा प्रश्नच नाही, त्यावर लोक हुद्दे वाचून दाखवतात. ‘या विषयावर तुमचं मत काय?’ फार पसरट. घडलेल्या गोष्टीविषयी विचारा: ‘गेल्या महिन्यात कामात कुठे अडलात आणि कुणी सोडवलं?’ याला उत्तर द्यायला विद्वान असावं लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला पुढचा प्रश्न आपोआप सुचतो. ओळखीच्या फेरीत मला एकच प्रश्न पुरतो: ‘सध्या तुम्हाला कशाची मदत हवी आहे, आणि तुम्ही कुणाला कशात मदत करू शकता?’

सूचनेत चार गोष्टी: सुरुवात कोण करणार, प्रश्न काय, वेळ किती, परत येताना काय आणायचं. पहिली सगळ्यात महत्त्वाची, कारण खोलीतली पहिली तीस सेकंद ‘कोण सुरू करणार’ यातच जातात. ‘पडद्यावरच्या नावांत वर्णानुक्रमे जे आधी येतं त्यांनी’ असं काहीतरी ठरवून द्या. सूचना नुसती बोलून सोडू नका. खोल्या उघडण्याआधी चॅटमध्ये टाका, उघडल्यावर मिनिटभरात सगळ्या खोल्यांत पुन्हा पाठवा. आत गेल्यागेल्या निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न असतो, ‘काय करायचंय आपल्याला?’

पायरी ६: आत गेलेल्यांना वाऱ्यावर सोडू नका

दहा खोल्यांत दहा सूत्रसंचालक मिळणार नाहीत, आणि चौघांच्या गटात ते लागतही नाहीत. एकाने घड्याळ बघायचं, एकाने नोंद घ्यायची, एवढं वाटून दिलं की पुरे. तुम्ही मात्र मुख्य खोलीतच थांबा. कुणाची जोडणी तुटून तो परत येतो तेव्हा त्याला तिथे कुणीतरी भेटायला हवं. सोबत को-होस्ट (सहआयोजक) असू द्या, एकट्या पडलेल्याला तो दुसऱ्या खोलीत हलवेल. खोल्यांत फेरी मारायची असेल तर आधी सांगा. न सांगता टपकणारा आयोजक पाहिला की गप्पा थांबतात.

ज्यांना गटात जायचं नाही त्यांना उघड परवानगी द्या. कुणी भिडस्त असतो, कुणाच्या घरात गोंगाट असतो, कुणी कामाच्या जागेवरून ऐकत असतो. ‘मुख्य खोलीत थांबून प्रश्नाचं उत्तर चॅटवर लिहिलं तरी चालेल’ हे एक वाक्य माणसं टिकवतं. अनोळखी व्यक्तीसोबत जोडीत बसवताना तर बाहेर पडायची आणि होस्टला बोलवायची वाट प्रत्येकाला आधी दाखवा, करून दाखवा. कॅप्शन किंवा सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची गरज कुणाला आहे ते नोंदणीतच विचारून घ्या. दुभाषी मुख्य खोलीत आणि ती व्यक्ती चौथ्या खोलीत, असं व्हायला नको.

दोन फेऱ्यांच्या मधे पाच मिनिटं कॅमेरे बंद करा. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सनने २०२१ मध्ये व्हिडिओ भेटींच्या थकव्याची चार कारणं मांडली. अंगावर येणारी नजर, स्वतःचा चेहरा सतत दिसणं, एका जागी अडकून बसणं आणि हावभाव पोचवायला-ओळखायला लागणारे जादा कष्ट. स्वतःचं चित्र लपवायची सोय बहुतेक साधनांत आहे. ती कुठे आहे ते सांगून टाका, लोक आशीर्वाद देतील.

पायरी ७: परत आल्यावर

प्रत्येक खोलीने अहवाल द्यायचा, ही प्रथा शाळेत असताना लागलेली खोड आहे. दहा खोल्या, दोन-दोन मिनिटं, म्हणजे वीस मिनिटं, आणि सातव्या खोलीपासून सगळे ‘आमच्याकडेही साधारण हेच झालं’ म्हणतात. त्याऐवजी सगळ्यांनी एक ओळ चॅटमध्ये लिहायची, पण पाठवायची नाही. मी तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाठवायची. चाळीस ओळी धबधब्यासारख्या कोसळतात, कुणी कुणाची नक्कल करत नाही. त्यातल्या दोन-तीन ओळी निवडून लिहिणाऱ्यांना बोलतं करा.

संपर्काची देवाणघेवाण सत्र चालू असतानाच उरका. खोली बंद झाली की तिथलं चॅट हाताशी राहीलच याचा भरवसा नाही. एक सामायिक तक्ता ठेवा आणि ज्याला आपलं नाव आणि संपर्क द्यायचा आहे त्यानेच स्वतः भरावा. नोंदणीतली यादी परस्पर वाटू नका, परवानगी घेतलेली नसते.

पायरी ८: वेळापत्रक कागदावर

चाळीस माणसं, एक तास, हेतू ओळखी वाढवण्याचा. मी असं आखते:

० ते ६: लोक येतात, चॅटवर एक सोपा प्रश्न.
६ ते १०: सूचना, मग दोन मिनिटं एकट्याने लेखन.
१० ते २४: पहिली फेरी, चौघांच्या दहा खोल्या. चौदा मिनिटांतून जाण्या-येण्याची दोन वजा, माणशी तीन.
२४ ते २९: कॅमेरे बंद, पाय मोकळे.
२९ ते ४३: दुसरी फेरी, गट बदलून.
४३ ते ५०: चॅटचा धबधबा, संपर्काचा तक्ता.
५० ते ६०: ज्यांना जायचं ते गेले, बाकीच्यांसाठी तीन खोल्या, वाटेल तिथे जा.

प्रत्येकाच्या वाट्याला जास्तीत जास्त सहा नवी माणसं येतात. आपोआप वाटणीत एखादी जोडी पुन्हा एकत्र येऊ शकते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दुसऱ्यांदा भेटलेली माणसं बहुधा पुढचं बोलतात.

आदल्या दिवशी पाच जणांना घेऊन रंगीत तालीम करा. त्यात एक जण मोबाइलवर असावा आणि एकाने मुद्दाम मधेच नेट तोडून परत यावं. अर्ध्या अडचणी तिथेच कळतात.

आणि चाळीसऐवजी सातच जण आले तर? खोल्या उघडूच नका. सगळं वेळापत्रक बाजूला ठेवा, सर्वांना कॅमेरा लावायला सांगा आणि लीन कॉफी करा. माझ्या एका सत्राला सहा जण आले होते. वेळ संपल्यावर मी निरोप घेतला, तर त्यातले तिघे लिंक बंद करू नका म्हणाले आणि अजून अर्धा तास बोलत बसले.